नानांकडे ठेवलेली भीती

नाना उद्या दवाखान्यातून घरी येणार, म्हणून केतकी त्यांच्या खोलीतली जळमटं काढत होती. कोपऱ्यातला कोळी तिने अलगद तळहातावर घेतला. नानांच्या नजरेला तो पडता कामा नये.

लहानपणी कोळी दिसला की केतकीच रडून आकांत करायची. "भीती काढता येते, पण नष्ट होत नाही," डॉक्टर म्हणाले होते. "ती दुसऱ्या कुणाच्या डोक्यात ठेवावी लागते. तो माणूस गेला, की परत येते."

"माझ्या डोक्यात ठेवा," वडील म्हणाले.

तेव्हापासून कोळी दिसला की नाना पाय वर घेऊन कॉटवर बसत आणि लेकीला हाका मारत.

"एवढ्याशा जिवाला घाबरता? काही कारण तरी आहे का, नाना?" ती चिडवायची.

"आहे की," तिच्याकडे बघत ते म्हणायचे.

कोळ्याला बाहेर सोडायला केतकी खिडकीशी गेली, आणि एकाएकी तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. हात झटकून, किंचाळत ती नानांच्या कॉटवर चढली आणि पाय पोटाशी घेऊन बसली.

"नाना!" तिने हाक मारली, आणि हाक मारता मारताच तिला कळलं.

फोन त्यानंतर वाजला.