कामाची वही

"लेकीचं बाळंतपण आहे, खुशाल पंधरा दिवस जा," साहेब म्हणाले. "फक्त सगळं काम एका वहीत लिहून ठेवा. उगाच फोन करून तुम्हाला त्रास नको."

बावीस वर्षं गोदाम सांभाळलेला माणूस मी. जीव ओतून लिहिलं. दाराचं कुलूप किल्ली जरा वर उचलून फिरवली तरच उघडतं, तेसुद्धा.

पंधरा दिवसांत एकदाही फोन आला नाही. "देवमाणूस आहेत हो तुमचे साहेब," बायको रोज म्हणायची.

कामावर परतलो तर माझ्या खुर्चीत एक नवी मुलगी. समोर माझी वही.

"या काका," ती अवघडून उठली आणि तिनं शेवटचं पान माझ्यापुढे धरलं. माझं लिखाण संपलं होतं, त्याखाली साहेबांच्या अक्षरात एक ओळ होती:

'काका आले की त्यांच्याकडची दुसरी किल्ली घेणे.'