हजेरी

पाड्यावरच्या अंगणवाडीत पालकांची सभा भरली होती. "आपल्या अंगणवाडीत काय सुधारायचं?" ताईंनी विचारलं. कुणी नळ मागितला, कुणी खिचडीत डाळ वाढवायला सांगितली. पोरीला आजीपाशी ठेवून निफाडच्या द्राक्षबागेत मजुरीला निघालेली यमुना म्हणाली, "हजेरी घेताना मला फोन लावाल का? तृप्तीचा आवाज तरी ऐकू येईल."

ताईंनी शब्द पाळला. रोज दहा वाजता बागेत यमुनाच्या कानावर "हजर, ताई!" पडायचं आणि तेवढ्यावर तिचा दिवस निघायचा.

महिन्याभरानं एकदा ताईंनी तृप्तीलाच हजेरी घ्यायला सांगितली. सगळ्या पोरांची नावं झाल्यावर तिनं आणखी एक हाक मारली, "माझी आई?"

"हजर!" यमुना फोनमध्ये ओरडली.

पलीकडून तृप्ती म्हणाली, "नुसता आवाजच आला, ताई. गैरहजर मांडा."