कलम आणि खुंट

नरपडच्या भाविकाला एकतिसाव्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला. आईवडील दोघांच्याही घराण्यांत तो कोणालाही झालेला नव्हता. “चिकूचं कलम आमचं, ते ज्यावर बांधलं तो खुंट तुझ्या माहेरचा,” वडील गोविंदराव पत्नी हिरकणीला ऐकवत. “कीड तिकडचीच, तुझ्या माणसांनी लपवली.” हे गावभर झाले आणि हिरकणीच्या भाचीचे गंजाडला ठरलेले लग्न मोडले. सासरवाडीचा दोष सिद्ध व्हावा म्हणून गोविंदरावांनीच हट्टाने स्वतःचे आणि हिरकणीचे रक्त तपासायला दिले. “भाविकाच्या कर्करोगामागचं बदललेलं जनुक काकूंच्यात नाही, काका, तुमच्यात आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तुम्हाला बहीण? आत्या?” “कोणी नाही. तीन पिढ्या नुसते मुलगे.” हे एरवीचे ऐटीचे वाक्य ते जमिनीकडे बघत बोलले. हिरकणीने भावाला, लग्न मोडलेल्या भाचीच्या वडिलांना, फोन लावून गोविंदरावांच्या हातात दिला. “तुम्हीच सांगा.” पुरुषांत या जनुकामुळे हा कर्करोग क्वचितच होतो आणि गोविंदरावांच्या घराण्यात तीन पिढ्यांत जन्मलेली पहिली मुलगी भाविका होती.