पहिलं नको

वस्तीतल्या अन्नछत्राला वर्ष झालं, म्हणून जेवायला येणाऱ्यांनीच त्या दिवशी वाढायचं ठरवलं. वर्षभर वाढताना कुणाचंही 'नको' न ऐकलेल्या शकूकाकूंना त्यांनी पंगतीत बसवलं.

बुंदीची बादली घेऊन हमाल दगडूअण्णा समोर वाकले.

"पुरे आता, पोट फुटेल," म्हणत काकूंनी पानावर दोन्ही हात आडवे धरले.

"तुम्ही ऐकायचात का आमचं?" अण्णांनी त्यांच्या हातांवरच बुंदी वाढली. शेवटी चौघींनी धरून काकूंना उठवलं.

दुसऱ्या दिवशी काकू शहाण्या झाल्या होत्या. अण्णांनी सवयीने हात आडवा धरून "नको" म्हटल्याबरोबर त्या आमटीची बादली घेऊन पुढे सरकल्या.

अण्णा कोरड्या भाताकडे बघत राहिले. मग त्यांनी हाक मारली.

"काकू, मागं या की. हे पहिलंच नको होतं."