आणखी एक टेक

"मी येणार नाही," खलनायकाने फोनवर बायकोला सांगितलं. "माझं डबिंग आहे."

"अहो, डॉक्टरांनी हात टेकलेत. भावोजी सकाळपासून सारखं तुमचंच नाव घेतायत. नंतर जाऊन काय उपयोग?"

"अख्खं शहर वाचवणारा माणूस आहे तो. स्वतःलाही वाचवेल."

आपण फार वाईट बोललो हे त्यालाही कळलं. पण माघार घेणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. त्याने फोन बंद करून खिशात टाकला आणि तो डबिंगच्या खोलीत शिरला.

समोरच्या पडद्यावर शेवटचा प्रसंग थांबवून ठेवला होता. इमारतीच्या गच्चीवर काळ्या झग्यात तो स्वतः, आणि त्याच्यासमोर हातभर अंतरावर नायक. डोक्यापासून हनुवटीपर्यंत मुखवटा. डोळ्यांच्या जागी दोन काचा. या मुखवट्यावर पोरंबाळं जीव टाकायची. याला मात्र तो बघितला की तिडीक यायची.

मालिकेत ते दोघे हाडवैरी होते, आणि मालिकेबाहेरही त्यांच्यातून विस्तव जात नव्हता. नायक म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. ताईच्या छातीत कळ आली तेव्हा हे दाजी तारेला लटकून कुणा परक्याचं मूल वाचवत होते. घरून निरोप आला, तो सेटवर कुणीतरी अडवून ठेवला. शॉट होऊ दे, मग सांगू. शॉट छान झाला, पण तोवर ताई गेली होती. निरोप कुणी अडवला हे कधी कळलंच नाही. राग धरायला माणूस तर हवा, म्हणून याने तो दाजींवर धरला.

पुढे आईला सोसवेना म्हणून घरात ताईचं नाव काढणंच बंद झालं. तिचा फोटोसुद्धा कपाटात गेला. तिच्याविषयी बोलावं तरी कुणाशी? अशात मालिकेला नवा खलनायक हवा होता. नाटकातलं चांगलं चाललेलं काम सोडून हा तिथे जाऊन उभा राहिला. याचं नायकाशी वैर कशावरून, असं लेखकाने विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "बहिणीवरून."

घरी ज्याला अहो-जाहो करायचं, त्याला इथे राजरोस अरे-तुरे करता येत होतं. "अख्खं शहर वाचवलंस तू! माझ्या ताईला सोडून!" हे वाक्य त्याने स्वतःच सुचवलं होतं, आणि ते लोकांच्या तोंडी बसलं. नायकाने मनात आणलं असतं तर ते एका शब्दावर कापलं गेलं असतं. त्याने ते कापलं नाही. खलनायकाला वाटलं, कोडगेपणाची कमाल आहे.

वर छळवाद होताच. ते वाक्य आलं आणि टेक उत्तम झाला, की मुखवट्यातला माणूस एक बोट वर करायचा. आणखी एक टेक. दिग्दर्शक खूश असला तरी नायकाचा शब्द कोण मोडणार? पुन्हा ओरडायचं, पुन्हा बोट. खलनायकाचा घसा फुटायचा. दुसऱ्या कुठल्याही वाक्याला ते बोट कधी वर गेलं नाही. हा आपल्यावर सूड उगवतोय, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

"साहेब, एक अडचण आहे," काचेपलीकडून ध्वनिमुद्रक म्हणाला. "वादळाच्या पंख्यांमुळे तुमच्या माइकवर नुसता वारा आलाय. त्यांच्या मुखवट्यातल्या माइकवर तुमचा आवाज बरा आहे. तोच कानात लावतो, त्यावर तुम्ही बोला."

"त्याच्या मुखवट्यात माइक असतो?"

"असतो की. पण ते रेकॉर्डिंग कुणी ऐकत नाही. मुखवट्यात तोंड दिसत नाही ना, त्यामुळे सेटवर ते काय बोलतात त्याला महत्त्व नाही. नंतर इथे येऊन नुसतं चित्र बघून बोलायचे. हा आवाज लावू का विचारलं, की नको म्हणायचे." तो जरा घुटमळला. "आता त्यांचं बोलणं दुसऱ्या कुणाकडून तरी करून घ्यावं लागेल."

खलनायकाने हेडफोन चढवले. पडदा हलला.

कानात आधी श्वास आला. मुखवट्यात कोंडलेला, जड, अगदी जवळचा. मग लांबून त्याचा स्वतःचा आवाज आला, "अख्खं शहर वाचवलंस तू! माझ्या ताईला सोडून!"

त्यावर आता त्याने बोलायचं होतं. समोरच्या कागदावर वाक्य होतं. त्याने तोंड उघडलं, तोच कानातला तो श्वास एकदम अडखळला. मुखवट्यातला माणूस रडत होता. पडद्यावर त्याचं बोट हळूहळू वर गेलं आणि तो पुटपुटला,

"अजून एकदा बोल रे. घरात आता तिचं नावसुद्धा कुणी काढत नाही."