माइकवर हात

युनियनच्या सरचिटणीसांनी माइकवर तळवा ठेवला आणि ते शेजारच्या अध्यक्षांकडे झुकले. समोर फोटोवाला उभा होता, म्हणून तोंड मात्र सभागृहाकडेच ठेवलं. तीनशे माणसांना काहीही ऐकू गेलं नाही. चौथ्या रांगेतल्या मागवालीला मात्र शब्द न् शब्द कळला.

"बोलू दे तिला पाच मिनिटं, वाफ जाईल," सरचिटणीस म्हणाले होते. "सोमवारी त्या सतराही पोरींना घरी बसवतायत. मी मालकाला हो म्हणून आलोय."

कापड कारखान्यातल्या मागाच्या शेडमध्ये बावन्न माग एकदम धडधडतात. तिथं कानांचा काही उपयोग नसतो. माणसं आवाज न काढता नुसते ओठ हलवतात आणि समोरचा ते वाचतो. लोक तिथं असेच भांडतात, असेच सोयरिकी जुळवतात, मुकादमाची टिंगलही त्याच्या पाठीमागे उभं राहून अशीच करतात. सरचिटणीस ऑफिसातून वर आलेले. शेडमध्ये त्यांनी उभ्या जन्मात पाऊल टाकलं नव्हतं. माइक झाकला की काम झालं, असं त्यांना वाटलं.

मागवालीच्या हातात ठरावाचा कागद होता. पाच-पाच वर्षं टेंपररी राहिलेल्या सतरा जणींना कायम करा, नाहीतर सगळी युनियन संपावर जाईल, असा ठराव. त्या सतरांतली एक ती स्वतः. हा कागद वाचायला ती पहाटेच्या बसनं शहरात आली होती. परिषद तरुण कामगारांची होती, तसं व्यासपीठामागच्या कापडावर मोठ्या अक्षरांत लिहिलंच होतं. त्या कापडापुढे बसलेल्यांत पन्नाशीच्या आतलं एकही माणूस नव्हतं.

तिनं शेजारी पाहिलं. शेजारी काका होते, शेडचे प्रतिनिधी. तुटलेला धागा जोडायला तिला त्यांनीच शिकवलं, ओठ वाचायलाही त्यांनीच. बसमध्ये तीन तास ते तिला समजावत होते, आधी आभार मान, आवाज चढवू नकोस. आता ते स्वतःच्या चपलांकडे बघत होते.

"वाचलंत ना?" तिनं आवाज न काढता विचारलं.

"कागदावर आहे तेवढंच बोल," काकांचे ओठ म्हणाले.

त्यांना आश्चर्य वाटलेलं नव्हतं. तिला सरचिटणीसांपेक्षा त्याचाच जास्त संताप आला.

तिचं नाव पुकारलं गेलं. ती व्यासपीठाच्या खालच्या माइकशी गेली आणि कागदाची घडी घातली. आभार कुणाचेच मानले नाहीत. आत्ता माइक झाकून सरचिटणीस काय म्हणाले ते सांगते, असं म्हणून तिनं वाफेपासून मालकापर्यंत सगळं जसंच्या तसं सांगितलं.

मग सरचिटणीस हसले. इतक्या लांबून ताईंना कानगोष्टी ऐकू येतात, म्हणजे त्या चुकून कारखान्यात आल्या, त्यांना पोलिसांत घ्यायला हवं, असं म्हणाले. सभागृह खो खो हसलं. तिनं ओठ वाचण्याचं सांगून पाहिलं, तर हसू आणखी वाढलं. मागून कुणीतरी विचारलं, आता माझ्या मनातलंही वाच की. दुसऱ्यानं खाली बस म्हणून दरडावलं. बाहेरगावच्या पोरींना माइक देऊच नये, असं एक बाई शेजारणीला सांगत होती. तेही मागवालीनं वाचलं.

"पुरावा आहे का काही?" सरचिटणीसांनी विचारलं.

"काका आहेत," ती म्हणाली. "त्यांनीही वाचलंय. विचारा त्यांना."

सरचिटणीसांचं हसू जराही कमी झालं नाही. विचारू की, म्हणाले, काका तीस वर्षांचे जुने, त्यांच्या शब्दाबाहेर मी नाही. काकांचा मुलगा मागच्याच महिन्यात कायम झाला होता आणि ते पत्र सरचिटणीसांनी स्वतःच्या हातानं दिलं होतं. मागवालीलाही ते ठाऊक होतं. पण मागाच्या शेडमधून ते दोघंच आले होते; तीनशे माणसांत ओठ वाचणारं दुसरं कोण होतं?

दुसरा माइक चौथ्या रांगेत पोचवला गेला. काका उठले. खुर्चीची पाठ त्यांनी घट्ट धरली होती.

"माझं लक्ष नव्हतं," ते म्हणाले. "मी काही पाहिलं नाही."

टाळ्या पडल्या. व्यासपीठावरच्यांनीही वाजवल्या. माइक परत नेला. पुढचं नाव पुकारायला अध्यक्षांनी यादी हातात घेतली.

काका मात्र खाली बसले नाहीत. ते तिच्याकडे बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. पोरगं कायम झालंय गं माझं. उद्या त्यालाही काढतील. तू खरं बोललीस, मला माफ कर. सभागृहाला दिसला तो फक्त धाप लागलेला एक म्हातारा.

मागवालीनं माइक तोंडाजवळ ओढला.

"मोठ्यानं बोला, काका," ती म्हणाली. "इथं माग चालू नाहीत."