आधीच्या बाई

लिफ्टचा विषय काढला की घरमालकांचं उत्तर ठरलेलं असे. "अहो, आधीच्या बाई राहिल्याच की इथे. त्यांनी लिफ्टबद्दल कधी एक शब्द काढला नाही."

त्या संध्याकाळीही ते फोनवर तेच बोलले आणि चौथ्या मजल्याच्या गॅलरीत उभ्या असलेल्या तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाडेकरारात लिफ्ट होती, गच्ची होती, गरम पाणी होतं. प्रत्यक्षात लिफ्टमध्ये वॉचमन झाडू-बादल्या ठेवायचा, गच्चीच्या कुलपाची किल्ली कुणाकडेच नव्हती आणि गरम पाण्याचा नळ गार पाणी द्यायचा. ती एका दवाखान्यात लोकांच्या दुखऱ्या गुडघ्यांना व्यायाम द्यायची. दिवसभर पेशंटना जिने टाळा म्हणून सांगायची आणि घरी येताना स्वतः चार मजले चढायची.

पण खरं सांगायचं तर जिन्यांचं तिला एवढं काही नव्हतं. तिला सहन होत नव्हती ती आधीची.

तिला हिनं कधी पाहिलं नव्हतं. पण इमारतीत जो भेटेल तो तिच्याबद्दल बोलायचा. समोरच्या काकू म्हणाल्या, ती कायम हसतमुख असायची, माझी भाजीची पिशवी वर आणून द्यायची. हिनं दुसऱ्याच दिवशी काकूंची पिशवी वर आणून दिली. काकूंनी पिशवी घेतली, आत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "ती दोन आणायची."

शिवाय ती उंच होती. बेसिनवरचा आरसा तिनं आपल्या उंचीला लावून ठेवला होता आणि हिला त्यात नुसतं कपाळ दिसायचं. दुसऱ्या बाईच्या आरशात रोज टाचा वर करून बघायचं म्हणजे काय, हे नवऱ्याला कळणं शक्य नव्हतं. एका सुट्टीच्या सकाळी हिनं स्क्रू काढले, आरसा खाली घेतला आणि आपल्या तोंडासमोर घट्ट बसवला. त्या घरात तिला मिळालेलं सुख काय ते तेवढंच.

नवरा दाढी करायला गेला तर त्याला गुडघे वाकवावे लागले.

"अगं, आधीचा बरा होता," तो म्हणाला.

"आधीचा की आधीची?"

तो नुसता हसला. तिला ते हसणं दिवसभर टोचत राहिलं.

पुढे पुढे तोही काकूंना त्या बाईबद्दल विचारू लागला. काय करायची, कशी राहायची. एकदा जेवताना म्हणाला, एकटीनं कसं निभावलं असेल गं तिनं सगळं. त्याच्या आवाजात कौतुक होतं. हिचा घास तोंडातच फिरला. या घरात आपण दोघं नाही, तिघं राहतोय, असं तिला वाटलं. इथे आणखी राहिलो तर आपला नवराही आपल्याला दुसऱ्या कुणाच्या मापानं मोजायला लागेल, याची तिला खरीखुरी भीती वाटली.

करार संपायला अजून बराच अवकाश होता आणि मधेच सोडू द्यायला घरमालक तयार नव्हते. मग ती हात धुऊन मागे लागली. कुलपाचे फोटो काढले, बादल्यांचे फोटो काढले. लिफ्ट बंद असल्याचं वॉचमननं सांगावं म्हणून त्याला चहा नेऊन देऊ लागली. रोज संध्याकाळी गॅलरीत उभं राहून घरमालकांशी फोनवर असं भांडायची की समोरच्या काकू दार लावून घ्यायच्या.

शेवटी घरमालक स्वतः आले. धापा टाकत वर पोचले आणि श्वास जागेवर येताच पुन्हा आधीच्या बाईंच्या विषयावर आले.

"करारात लिफ्ट लिहिलीय," ती म्हणाली. "आधीच्या बाई कुठेच लिहिलेल्या नाहीत."

घरमालकांनी करार मधेच सोडायला होकार दिला. महिनाअखेर नवरा-बायकोनं घर सोडलं. आरसा घराचाच होता, तो तिथेच राहिला.

नव्या घरात लिफ्ट होती, गरम पाणी होतं आणि आधी कोण राहायचं याचा कुणालाच पत्ता नव्हता. नवरा पुन्हा तिच्या हातच्या स्वयंपाकाला नावं ठेवू लागला. ती सुखात होती.

वर्षभरानं दवाखान्यात एक उंचनिंच बाई गुडघे धरून आली. नवीन घर घेतलंय भाड्यानं, चौथा मजला, म्हणाली. लिफ्ट आहे, पण तिच्यात झाडू-बादल्या ठेवतात.

तिचे हात क्षणभर थांबले. "मग सोडून का देत नाही?"

"सोडणारच आहे. जिन्यांपायी नाही हो. तिथे आधी एक बाई राहायची. सगळे उठताबसता तिचंच कौतुक करतात. घरमालकही तेच, आधीच्या बाईंनी लिफ्टबद्दल कधी एक शब्द काढला नाही. माझा नवरासुद्धा आता तिच्याबद्दल विचारत असतो."

म्हणजे अजून तीच. हिला वाटलं होतं, आपण त्या बाईला मागे टाकून आलो. जुना सल पुन्हा तसाच उठला.

"एवढं काय होतं तिच्यात?" तिनं शक्य तितक्या सहज विचारलं.

"वॉचमनला म्हणे न चुकता चहा द्यायची."

चहाचं हिला ठाऊक नव्हतं. म्हणजे आणखी एक गुण. तिनं गुडघा जरा जास्तच दाबला.

"आणि आवाज इतका गोड, की संध्याकाळी गॅलरीत फोनवर बोलायला लागली की समोरच्या काकू ऐकत बसायच्या." बाई कळवळून पाय मागे घेत म्हणाली, "एवढी गुणाची होती, तर बेसिनवरचा आरसा इतका खाली कशाला लावून गेली? केस विंचरायलासुद्धा मला रोज गुडघे वाकवावे लागतात."